ऐकल्यापासून सुतक

माटवीला काय काय लागतं ते अरुंधतीबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या सुनेने, सुमेधाने, कपाळावर हात मारून घेतला. कवंडळं, कांगण्या, शेरवडाच्या फांद्या, बेड्यांचा म्हणजे सुपाऱ्यांचा अख्खा घड, देठासकट तवसं म्हणजे काकडी, आणि वर आंब्याच्या पानांचे टाळे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि रानातलं हे सगळं तिला लोंबकळत बांधायचं. तळकोकणात त्याशिवाय गणपती म्हणे बसतच नाही. आता जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या तिसऱ्या मजल्यावर आंब्याचे टाळे आणायचे कुठून? तुर्क्याच्या दुकानात मिळून मिळून भेंडी मिळते, तीही वाळकी.

पण बाईंनी कुणापुढे हात पसरला नाही. दोन दिवस निधीला बरोबर घेऊन त्या वस्तीमागच्या जंगलाच्या कडेने हिंडल्या. आजी मालवणीत बोलायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं झकास चाललं होतं. मक्याची कणसं आणली, हिरवी आंबट सफरचंदं आणली, लाल बोंडांचे घोस आणले, आयव्हीचे वेल आणले. मुलाने, हृषिकेशने, खाली तळघरातून कपडे वाळत घालायची मोडकी जाळी काढून दिली. गुरुवारी संध्याकाळी ती जाळी पडद्याच्या दांडीला टांगली, तिला एकेक फळ सुतळीने बांधलं आणि बाई स्टुलावरून उतरून दोन पावलं मागे सरकल्या. सुमेधा पाहत राहिली. देखणं दिसत होतं मेलं.

"अहिल्या असती तर पोट धरून हसली असती," बाई म्हणाल्या. "म्हणाली असती, वयनी, देवाच्या डोक्यावर सफरचंदं? उद्या द्राक्षं बांधशील."

अहिल्या म्हणजे बाईंची धाकटी जाऊ, हृषिकेशची काकी. गावच्या घरात दोघींनी एका चुलीवर उभा जन्म काढला. काळ्या वाटाण्याचं सांबारं एकीने वाटायचं, दुसरीने फोडणीला टाकायचं. एकीचं बाळंतपण दुसरीने काढायचं. नवऱ्यांवर मनात येईल ते बोलायचं ते न्हाणीच्या मागच्या दगडावर बसून. मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि गणपती कुणाच्या ओटीवर बसायचा यावरून घर फाटलं. भास्करकाका म्हणाले, एका घराला एकच गणपती, तो माझ्याकडे. बाई म्हणाल्या, मग एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. काका नाही म्हणाले. त्या वेळी अहिल्याकाकी चुलीपाशी उभी होती आणि ती एक अक्षर बोलली नाही. काकांचं बोलणं बाई कधीच विसरल्या, पण काकीचं ते गप्प राहणं त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या साली त्या ट्रंक भरून पुण्याला आल्या त्या आल्याच. मग सुमेधाचे सासरे गेले, हृषिकेश जर्मनीला आला, आणि आठ-नऊ चतुर्थ्या तशाच गेल्या. दोघी जावांनी एकमेकींचं नावही काढलं नाही.

यंदा शिमग्याच्या सुमारास काकीच्या आजाराची बातमी आली आणि बाईंचं सगळं चित्तच पालटलं. जर्मनीला यायच्या आधी त्यांनी गावच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती करतात त्या शाळेतून, वीतभर गणपती माणूस पाठवून करून घेतला आणि विमानात मांडीवर घेऊन आणला. आणि येताना ठरवूनच आल्या होत्या, की चतुर्थीला नैवेद्य दाखवला की अहिल्येला फोन करायचा. आधी नाही. का, तर गावी दोघी पहाटेपासून सोवळ्यात उपाशी असायच्या. नैवेद्य झाला, पुरुषांची पंगत बसली, की चुलीच्या मागे एकाच ताटलीत पहिली नेवरी, म्हणजे करंजी, मोडून दोघी खायच्या. अर्धी हिची, अर्धी तिची. "त्याच वेळेला मला बोलता येईल," बाई म्हणाल्या होत्या. "एरवी तोंड उघडायचं नाही माझं."

त्याच गुरुवारी संध्याकाळी विष्णूचा फोन आला. विष्णू म्हणजे काकीचा मुलगा. हृषिकेशने फोन घेतला तो बाल्कनीत जाऊन, आणि सुमेधा स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत राहिली. काकीचं काही खरं नव्हतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि ती सारखं एकच म्हणत होती, वयनीला फोन लावा. काकूला आत्ताच फोनवर बोलव, असं विष्णू म्हणत होता. हृषिकेशने समजुतीच्या सुरात त्याला सांगितलं की आई आत्ता पूजेच्या तयारीत आहे, उद्या नैवेद्य झाला की तीच फोन करणार आहे, तिने स्वतः ठरवलंय तसं, तू काकीला सांग.

"अरे, दोनच मिनिटांचं काम आहे," सुमेधा म्हणाली. "आई इथेच तर आहेत, शेजारच्या खोलीत."

त्याने आत येऊन स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आईला आत्ता हे सांगितलं तर ती रात्रभर रडत बसेल, म्हणाला. उद्या एकवीस मोदक, नेवऱ्या, वडे आणि पाच भाज्या कोण करणार? आणि परवा तीस माणसं जेवायला आहेत, त्यात त्याचे जर्मन साहेबही. एका रात्रीने काय बिघडतंय? सुमेधाला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, पटवून घेणं तिच्याही सोयीचं होतं. नारळ खवायचे पडले होते, चण्याची डाळ भिजत घालायची होती, आणि मोदकाच्या पाऱ्या तिला अजून जमत नव्हत्या. ती ओट्याकडे वळली.

सकाळी तिला जाग आली तेव्हा हृषिकेश न्हाणीघरात टबच्या काठावर बसला होता. नळ मोठा सोडलेला. त्याने तिला आत घेतलं, कडी लावली आणि मोबाइल पुढे धरला. विष्णूचा मेसेज होता. आई गेली. पहाटे.

सुमेधाने मेसेज दोनदा वाचला. ती म्हणाली, "चल, आईंना सांगू या."

"थांब," तो म्हणाला. "सांगितलं की सुतक. दहा दिवस. मग गणपती बसवता येत नाही."

"मग नको बसवू या."

"पहिलं वर्ष आहे, सुमेधा. आपला स्वतःचा गणपती, पहिलं वर्ष. आज खंड पडला तर आई पुन्हा कधी बसवू देणार नाही. म्हणेल, देवाच्याच मनात नव्हतं."

"अरे, माणूस गेलंय घरातलं. सुतक लागलंय ते लागलंय."

"ऐकल्यापासून लागतं," तो म्हणाला. "विचार कुणालाही. आजोबांच्या वेळी मुंबईहून माणूस आला होता निरोप घेऊन, त्याला वेशीवरच्या देवळात बसवून ठेवला होता विसर्जन होईपर्यंत. तिथेच जेवण पोचवायचे. शास्त्र आहे ते. आईने ऐकलेलं नाही, तिला सुतक नाही."

"आणि आपल्याला?"

त्याने नळ आणखी मोठा केला. मग म्हणाला, "आपण तरी कुठे ऐकलंय? वाचलंय फक्त."

दिवसभर मशीनची ड्रॉइंग तपासणारा माणूस, कागदावरची केसाएवढी चूक ज्याच्या नजरेतून सुटत नाही, तो हे बोलत होता. तिला खरं तर हसू यायला हवं होतं. पण त्याचे डोळे लाल झालेले तिने पाहिले. लहानपणी त्याला ताप आला की काकीच्याच मांडीवर तो झोपायचा, हे तो तिला लग्न झालं तेव्हापासून सांगत आला होता. मग या माणसाला नेमकं रडायचं होतं की जिंकायचं होतं? काकांनी ओटीवरून उतरवलं त्याचं उट्टं त्याला इथे, बॉबलिंगेनमध्ये, आपल्या गणपतीने काढायचं होतं, आणि त्यापुढे मेलेलं माणूसही त्याला एक दिवस थांबवायचं होतं. तिने कडी काढली. बाहेर बाई ओलेत्याने उभ्या होत्या, अंघोळ आटोपून, केसांना पंचा गुंडाळून. म्हणाल्या, "आटपा गो. मुहूर्त टळतलो."

मग दिवसभर सुमेधा दगडासारखी राबली. बाईंच्या हाताला मात्र त्या दिवशी काय आलं होतं कोण जाणे. पंचाहत्तरीला टेकलेली बाई तुळतुळीत पाऱ्या करत होती, नेवऱ्यांना मुरड घालत होती, आणि तोंडाने सारखी गावची हकिगत. चतुर्थीच्या आदल्या रात्री पोरं कशी बत्ती घेऊन शेरवड तोडायला जायची, भजनाचा डबलबारीचा सामना कसा उजाडेपर्यंत चालायचा, एकदा अहिल्येने घाईत खिरीत गुळाऐवजी चिंच टाकली आणि दोघींनी ते कसं सगळ्या घरापासून लपवलं. प्रत्येक गोष्टीत अहिल्या होती. नऊ वर्षं तोंडात न आलेलं नाव त्या दिवशी शंभरदा आलं असेल.

नैवेद्य झाला. आरती झाली. बाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "हृषी, लाव आता फोन."

हृषिकेशने फोन लावल्यासारखं केलं. कानाला धरला, मान हलवली. गावात पाऊस आहे, लाइन गेलेली दिसते, म्हणाला. बाईंना त्यात नवल वाटलं नाही. भाद्रपदात लाइन जातेच तिथे. म्हणाल्या, पुन्हा बघू जरा वेळाने. मग त्यांनी ताटलीत पहिली नेवरी घेतली, ती मोडली आणि अर्धी सुमेधापुढे धरली.

"घे. तिच्या वाट्याची तू खा. तिका सांगतंय मी नंतर, की माझी सून बसली होती तुझ्या जागेर."

बारा वर्षांत या बाईने तिला कधी असं बोलावलं नव्हतं. पोळ्या नीट लाटत नाही, नाशिकची असून तिखट खात नाही, पोरीला मराठी शिकवत नाही, हेच ऐकत आली होती ती. आणि आज बोलावलं ते या जागेवर. सुमेधाने नेवरी तोंडात घातली. पाण्याचा घोट घेऊन तिने ती कशीबशी गिळली आणि हृषिकेशकडे पाहिलं, तर तो समईत तेल घालत होता.

शनिवारी माणसं आली. शेजारच्या सिंडेलफिंगेनहून हृषिकेशचा मित्र रुपेश आणि त्याची बायको कौमुदी ढोलकी घेऊन आले, ऑफिसातली चार घरं आली, साहेब आणि त्यांची बायको फुलांचा गुच्छ घेऊन आले. सगळ्यांनी माटवीखाली उभं राहून फोटो काढले. बाईंनी बायकांना फुगडी घालायला लावली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने काठीने छत ठोकलं आणि सगळे हसले. हृषिकेश तर हवेत होता. साहेबांना एकेक फळ दाखवून त्याचा अर्थ सांगत होता. मध्येच बाईंनी फोनची आठवण केली, तेव्हा तो म्हणाला, विसर्जन होऊ दे, आई, मग निवांत बोल. सुमेधाने ते ऐकलं आणि वड्यांचा घाणा करपू दिला.

उत्तरपूजेची वेळ झाली. बाल्कनीत निळा टब पाणी भरून ठेवला होता. मूर्ती हलवायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं असतं. घरातल्या कर्त्या पुरुषाने हात जोडून देवाशी मोठ्याने बोलायचं, घराचं सगळं त्याच्या कानावर घालायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी दर वाक्याला होय म्हणायचं. हृषिकेशला ते येत नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुझ्या बापाने शिकवलं नाही, मग आता मीच घालते. इथे कोण नावं ठेवणार आहे?"

त्या देवापुढे उभ्या राहिल्या. हात जोडले. आणि त्यांचा आवाज एकदम वेगळाच लागला, गावच्या ओटीवरचा.

"हे देवा गणराया म्हाराजा, आज या परमुलखात येऊन तुझ्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. रुपेशने सगळ्यांना आधी समजावून ठेवलं होतं. साहेबही मोठ्या हौसेने म्हणाले.

"काय चुकला-माकला आसात, तर पदरात घाल, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"माझी जाव अहिल्या हांतरुणाक खिळली हा. आमच्यात जा काय झाला, ता माझ्या हट्टान झाला. तिका उठवन बसव. माका तिच्या दारात जावची बुद्धी दी. फुडल्या चवथीक आम्ही दोघी एका ताटलीत जेवू असा कर, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," तीस माणसं म्हणाली. निधीही म्हणाली, सगळ्यांत मोठ्याने. हृषिकेशचे ओठ हलले.

सुमेधा बोलली नाही. तिची मान खाली होती आणि दोन्ही हात जोडलेले होते, पण तोंड उघडेना. बाईंनी डोळे उघडले. सगळा घोळका सोडून त्यांची नजर नेमकी सुनेवर आली. गाऱ्हाण्याला होय न म्हणणं म्हणजे घरातल्या माणसाने देवापुढे नाही म्हणणं.

"सुमेधा, होय म्हण."

"आई, काकी गेल्या," सुमेधा म्हणाली. "काल पहाटे."

रुपेशचा हात ढोलकीवर होता तो तिथेच राहिला. हृषिकेश हळूच "सुमेधा" म्हणाला, पण ते आता कुणासाठी होतं? बाई देवाकडेच बघत होत्या. मग त्यांनी जोडलेले हात सोडले आणि पाटापासून मागे झाल्या, भिंतीला टेकेपर्यंत.

"माका आता हात लावूक नको," त्या म्हणाल्या. "रुपेश, तू परक्या गोत्रातला. तू घे देवाला. हृषी, तू दूर हो."

"आई, ऐक तरी..."

"दूर हो म्हटलं ना."

रुपेशने मूर्ती उचलली. कुणी मंगलमूर्ती म्हटलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. टबातल्या पाण्याचा आवाज आला तेवढाच. बाईंनी कौमुदीला हळू आवाजात सांगितलं की या घरचं आता कुणी काही खाऊ नये, प्रसादसुद्धा नको. बायकांनी हातातल्या कागदी ताटल्या टेबलावर ठेवून दिल्या. साहेबांना बिचाऱ्यांना काही कळलं नव्हतं. ते कोपऱ्यात मोदक खात होते आणि बायकोला सांगत होते, फार छान आहे. हळूहळू चपला शोधल्या गेल्या, जॅकेटं चढली, आणि घर रिकामं झालं. कौमुदी जाताना निधीलाही आपल्याबरोबर घेऊन गेली.

बाई अंघोळ करून आल्या आणि सोफ्याच्या कडेला बसल्या. सुमेधा त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. तिला वाटलं होतं, आपण सांगितलं, आता बाई आपल्या खांद्यावर डोकं ठेवून रडतील. निदान आपला हात धरतील.

"काल नेवरी दिली तुला," बाई म्हणाल्या. "तेव्हा माहीत होतं?"

"हो, आई."

"बरं." एवढंच म्हणून त्यांनी हृषिकेशकडे हात पुढे केला. "विष्णूला लाव. आता लाइन आली असेल."

त्याने मुकाट्याने फोन लावून स्पीकरवर ठेवला. विष्णू पहिल्याच घंटेला बोलला. बाईंनी त्याच्याशी धीराने चौकशी केली. कोण कोण आलं, अग्नी कुणी दिला, भास्करभावजी काही खातात का. विष्णू सगळं सांगत होता. त्याच्याकडचा गणपती शेजाऱ्यांनी कालच सकाळी नदीवर नेऊन पोचवला होता, पूजा न करताच. मग बाईंनी विचारलं, "शेवटाक काय म्हणाली रे?"

मग विष्णू म्हणाला, "काय सांगू, काकू. आयेन रातभर फोन हातातलो सोडूक नाय. मी म्हटलंय, हृषी उद्या लावतलो, तू झोप. ती म्हणे, वयनीचो काय भरवसो, ती रात्रीच लावीत. उजाडापर्यंत तशीच होती."

बाई वळल्या आणि मुलाकडे बघत राहिल्या. नैवेद्यानंतरचा फोन, लाइन गेली, विसर्जन होऊ दे, सगळं त्यांना एका दमात कळलं. पण त्याहून मोठं त्यांना आत्ता कळत होतं. काकी जायच्या आधीच या घरात विचारणा झाली होती, आणि या भिंतीपलीकडे त्या सफरचंदं बांधत होत्या.

"परवा आला होता फोन?"

"आई, तूच म्हणाली होतीस, नैवेद्य झाल्याशिवाय..." हृषिकेशचा आवाज फुटला. तो खाली बसला, तिच्या पायांपाशी, लहान मुलासारखा हमसाहमशी रडायला लागला. काकीसाठी तो पहिल्यांदाच रडत होता. सुमेधाही रडत होती. बाई मात्र कोरड्याच होत्या. त्यांनी फोन बंद केला आणि सोफ्यावर उपडा ठेवला. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांचा हात उचलला गेला, तो त्यांनी पुन्हा मांडीवर घेतला.

"रडू नको," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, शुद्ध पुणेरी मराठीत, परक्या माणसाशी बोलावं तशा. "माझ्या वेळी तुझी अशी अडचण व्हायची नाही. सण असेल, साहेब येणार असतील, सुट्टी नसेल, तर आधी सांगून ठेव मला. तुला सोयीचा वार बघूनच जाईन मी."